खाडीपलीकडचा बॉल

कोपर, डोंबिवली पश्चिम
८ जानेवारी २०२५

आदरणीय मॉरिस सर,

तुम्ही मला ओळखत नाही. मी भावना केणे, धनेश केणेची आई. धनेश तीन वर्षांपूर्वी बारावीला तुमच्याकडे फिजिक्स शिकला. कॉलेजच्या ऑफिसात चौकशीला गेलेली, तर तिथल्या मॅडम बोलल्या, सरांना फोन करून उपयोग नाही, त्यांना ऐकू येत नाही आणि मेसेज ते उघडत नाहीत, पण पत्र टाकलंत तर उत्तर हमखास येतं. घोडबंदर रोडचा हा पत्ता त्यांनीच दिला. मी अंगणवाडीत सेविका आहे, त्यामुळे लिहायची सवय आहे. तरी काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सर, धनेश आता नाही. गेल्या एप्रिलमध्ये तो खाडीत बुडाला. वीस वर्षांचा होता.

आमच्या गावाला लागून खाडीचा एक फाटा आहे, नव्वदेक मीटर रुंद. त्याच्या बांधाला लागूनच पोरांचं मैदान. आमच्याकडे टेनिस बॉलच्या टुर्नामेंटचं किती वेड आहे ते तुम्ही ऐकून असाल. धनेशची बॅटिंग बेताची, पण बाउंड्रीवर त्याच्यासारखा कोणी नाही. त्याचा थ्रो बघायला बाजूच्या गावातली पोरं यायची. एका टुर्नामेंटला स्पीड मोजायचं मशीन लावलेलं, त्यावर त्याचा थ्रो ताशी एकशेदहा भरला. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

त्या संध्याकाळी त्याने बांधावरून बॉल फेकला, तो थेट खाडी ओलांडून पल्याडच्या तिवरांच्या झाडीत पडला. पोरांनी डोळ्यांनी बघितलं, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेली. धनेश एकटा मागे राहिला. बांधावरून पाय घसरला असणार. सकाळी सापडला.

आता वर्ष होईल. पोरांनी ‘धनेश स्मृती चषक’ ठेवलाय. बॅनरवर त्याच्या फोटोखाली ‘खाडीपार थ्रोचा बादशाह’ असं टाकलंय. तो बॅनर इंटरनेटवर गेला आणि दुसऱ्या गावातल्या कोणीतरी खाली लिहिलं, “टेनिस बॉल नव्वद मीटर? मेलेल्याच्या नावावर काय पण फेका.” त्यावर कितीतरी लोक हसलेत. मी ते वाचायला नको होतं, पण वाचलं.

मला तुमच्याकडून दोन ओळी हव्यात, की असं होऊ शकतं. कमलेश त्या ओळी माइकवर वाचून दाखवेल. कमलेश माझ्या जावेचा मुलगा, धनेशचा लहानपणापासूनचा जोडीदार. सगळं तोच बघतोय. तुमच्यासारख्या माणसाने लिहिलं की लोकांची तोंडं बंद होतील.

आपली,
भावना केणे


ठाणे, घोडबंदर रोड
१५ जानेवारी २०२५

प्रिय भावनाताई,

तुमचं पत्र कॉन्स्टन्सने, म्हणजे माझ्या बायकोने, आधी वाचलं आणि माझ्यासमोर ठेवून ती स्वयंपाकघरात निघून गेली. तेव्हाच मला कळलं की आत काहीतरी वाईट आहे. धनेश गेल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

तो मला नीट आठवतो. शेवटून दुसरा बाक, खिडकीजवळचा. एकदा माझी पाठ वळल्यावर त्याने खिडकीतून खडू फेकला. तेव्हा माझे कान शाबूत होते. मी विचारलं, “किती लांब गेला?” आपल्याला शिक्षा होणार की शाबासकी मिळणार याचा अंदाज घेत तो म्हणाला, “सायकल स्टँडपर्यंत, सर.” मी त्याला खाली पाठवलं आणि पावलांनी अंतर मोजून आणायला लावलं. आला तो सगळा वर्ग हसवतच आला. मुलगा हुशार होता, फक्त त्याची हुशारी हातात जास्त होती.

आता तुमचा प्रश्न. मला हे लिहिताना जड जातंय, पण तुम्ही विश्वासाने विचारलंत म्हणून लिहितो. टेनिस बॉल नव्वद मीटर जाऊ शकत नाही.

धावत्या रिक्षातून हात बाहेर काढला की हवा तो मागे रेटते, हे तुम्ही अनुभवलं असेल. बॉललाही हवा तशीच रेटते. क्रिकेटचा लाल बॉल जड असतो, तो हवेला फार जुमानत नाही. टेनिस बॉल आकाराने जवळपास तेवढाच, पण वजनाने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, वर अंगभर लव. हातातून सुटताना तो कितीही जोरात असला तरी हवा त्याला वाटेतच दमवते. ताशी एकशेदहाचा थ्रो धरला तरी बॉल पन्नास-पंचावन्न मीटरवर खाली येतो. साठ म्हणजे फारच झालं.

मी नोकरीत असताना कोणाला एक मार्क वाढवून दिला नाही. त्यावरून मुलं माझ्या नावाने बोटं मोडायची, प्रिन्सिपॉलही मोडायचे. तुम्हाला खोटं लिहून दिलं तर उद्या माइकवर कोणीतरी उठून ते खोडून काढेल आणि तुमच्या मुलाचं नाव पुन्हा हसण्यावारी जाईल. त्यापेक्षा बॅनरवर ‘पंचावन्न मीटर’ लिहा. लाखात एखाद्याला जमेल असा तो थ्रो आहे आणि ते मी आनंदाने सही करून देईन.

संध्याकाळी उजेड कमी असतो. पाण्यावरून बॉल कुठे पडला ते नीट दिसत नाही. मुलांना पल्याड गेल्यासारखा वाटला असेल, त्यांना दोष देऊ नका.

आपला,
मॉरिस कोरिया


कोपर
२९ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

तुमचं पत्र अंगणवाडीत मुलांना झोपवून वाचलं. घरी कोणाला दाखवलं नाही. खरं सांगते, आधी मला तुमचा राग आला. मग वाटलं, विचारायला मीच गेलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी तुम्हाला सगळं लिहिलं नव्हतं, कारण मलाच ते मनात आणायचं नव्हतं. आमच्या मैदानाचा एक नियम आहे. या पोरांचे बाप चड्डीत खेळायचे तेव्हापासून तो चालत आलाय. जो मारेल तो आणेल. बॉल कोणाच्या गच्चीवर गेला, गटारात गेला, खाडीत गेला, तरी ज्याच्या हातून गेला त्यानेच जाऊन आणायचा. बाकीचे बसून मजा बघतात. धनेशचे बाबा त्यांच्या वेळेला असेच खाडीत उतरायचे आणि चिखलाने माखून घरी आल्यावर माझ्या सासूबाईंच्या हातचा मार खायचे. ते सगळं हसत सांगायचे. आता खाडीच्या बाजूची खिडकीसुद्धा उघडत नाहीत.

म्हणजे सर, बॉल पल्याड पोचला असेल तर तो आणायला कोणी पाण्यात उतरणार नाही. पल्याड जायला पुलावरून फेरा पडतो, अंधारात कोण जाणार. पोरं घरी गेली, माझा पोरगा जिंकून एकटाच बांधावर बसला आणि पाय घसरला. नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं. वर्षभर मी हेच धरून आहे.

पण तुम्ही म्हणता तसा बॉल वाटेत खाली आला असेल, तर तो पाण्यात पडला. आणि पाण्यात पडला असेल तर माझा धनेश तो आणायला उतरला, आणि पोरं बांधावर बसलेली होती. तीच पोरं माझ्याकडे येऊन जेवतात. कमलेश रोज सकाळी आल्याशिवाय कामाला जात नाही. गॅसचा सिलिंडर लावून देतो, त्याच्या आजीला दवाखान्यात नेतो. सर, तो माझ्या तोंडावर एक वर्ष खोटं बोलतोय असं मी कसं मानू?

म्हणून हात जोडून सांगते, परत एकदा करून बघा. गणितात काही राहिलं असेल. धनेशचा तुमच्यावर फार विश्वास होता. कमलेश सांगतो, फेकायच्या आधी तो बोललेला, “मॉरिस सरांचं गणित आहे. पंचेचाळीस डिग्रीत टाकला की माझ्या स्पीडला नव्वद मीटर जातोच.” मला यातलं काही कळत नाही. तुम्हाला बरं वाटेल म्हणून लिहिलं.

भावना केणे


ठाणे
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय भावनाताई,

मी पुन्हा गणित केलं. चूक माझी होती. तुमचा मुलगा आणि त्याचे मित्र बरोबर आहेत.

मी घाईघाईत कोरडा बॉल धरला होता. खाडीकाठी खेळताना बॉल ओला होतो, ओला बॉल जड होतो आणि जड बॉलला हवा कमी दमवते. शिवाय तो बांधावरून फेकलेला, म्हणजे उंचीचा थोडा फायदा. पण सगळ्यात मोठी गोष्ट मी विसरलो होतो ती वारा. संध्याकाळचा जोराचा वारा पाठीशी असेल तर हवाच बॉलला पुढे घेऊन जाते. या तिन्ही गोष्टी धरल्या की बॉल नव्वद मीटर जातो.

नुसत्या कागदावर विश्वास नको म्हणून प्रयोगही केला. सोसायटीच्या बागेत आमचा वॉचमन संदेश याला लांब उभा केला, टेनिस बॉल बादलीत भिजवला आणि फेकला. एक बॉल सेक्रेटरीच्या गाडीवर बसला. एक इतका जवळ पडला की संदेशने लांबूनच खुणेने विचारलं, “सर, मी पुढे येऊ का?” खांदा अजून दुखतोय. पण ओल्या आणि कोरड्या बॉलमध्ये फरक पडतो एवढं नक्की कळलं.

सोबत वेगळ्या कागदावर सही करून दिलं आहे: ‘कै. धनेश केणे याने फेकलेला टेनिस बॉल नव्वद मीटर जाणे शक्य आहे.’ खाली माझी पदवी आणि नोकरीची वर्षंही लिहिली आहेत. माइकवर हे वाचून दाखवायला हरकत नाही. बॅनर बदलू नका.

आणि कमलेशबद्दल मनात काही आणू नका. जो मुलगा रोज येऊन चौकशी करतो त्याच्यावर संशय घ्यायचं काही कारण नाही. तो जे सांगतो ते खरं आहे असंच धरून चाला. आता या गणिताच्या मागे लागू नका, ताई. तब्येतीला जपा.

आपला,
मॉरिस कोरिया


कोपर
२० फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

तुमचा कागद मी देव्हाऱ्यात ठेवलेला. दोन रात्री शांत झोप लागली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले. खाडीकडे तोंड करून उभी होते आणि वारा माझ्या तोंडावर येत होता. साडी सगळी मागे उडत होती. तशीच उभी राहिले. सर, आमच्याकडे पावसाळा सोडला तरी दुपारनंतरचा वारा खाडीवरून गावात येतो. गावातून खाडीकडे जात नाही, एप्रिलमध्ये तर कधीच नाही. माझ्या सासूबाई मिठागरात राबून म्हाताऱ्या झाल्या, त्यांना मुद्दाम विचारलं. त्या बोलल्या, “सांजचा वारा खारीचाच. तो कवा पाठीशी नसतं.” म्हणजे धनेशने फेकला तो वाऱ्याच्या तोंडावर फेकला.

तुम्ही वारा माझ्यासाठी फिरवलात. ज्यांनी कधी कोणाला एक मार्क वाढवून दिला नाही त्यांनी मला एवढे मीटर वाढवून दिले. मला तुमचा राग आला नाही. खूप रडू आलं.

मग मी कमलेशला जेवायला बोलावलं. ताट वाढलं आणि समोर बसून विचारलं, “कमलेश, बॉल कुठे पडला रे?” त्याने घास हातातच धरला. तसाच ताटात परत ठेवला. मग बोलला, “काकी, मधीच परला. निम्म्यावर गेला नं वाऱ्यानं खाली बसला. आमी हसलो.”

मी विचारलं, “मग?”

“मंग आमी बोल्लो, जो मारल तो आनल. सगलीच बोल्लो. मी पयला बोल्लो.”

ओहोटी लागलेली होती, सर. धनेशला पोहता येत होतं, खाडीकाठचंच पोर ते. हसत हसत अंगावरच्या कपड्यांसकट उतरला. बॉल पाण्याबरोबर वाहत होता, त्याच्यामागे गेला, बॉल धरला आणि वळला. एका हातात बॉल, त्यामुळे एकाच हाताने पोहत येत होता. मग त्याने हात वर करून बॉल बांधाकडे फेकला. दोन्ही हात मोकळे करायला फेकला असणार. बॉल कमलेशच्या पायाशी येऊन पडला. पोरं सगळी बॉलकडे वळली. एकाने कॅच सोडला म्हणून कमलेशची चेष्टा केली. मान वर केली तेव्हा पाण्यावर कोणी नव्हतं.

हाका मारल्या म्हणतो. दोघं कमरेपर्यंत उतरले, पाय गाळात रुतले तशी घाबरून मागे फिरले. मग आपल्यावरच येईल म्हणून सगळ्यांनी ठरवलं की बॉल पल्याड गेला असं सांगायचं. कमलेश परत परत एकच बोलत होता, “लय लांब व्हता, काकी. पार मधी. आमी पोचलोच नसतो.” माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला का, ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तो बॉल घेऊन आला. वर्षभर कपाटात ठेवलेला. आता तो माझ्याकडे आहे.

सर, शेवटचं विचारते. दमलेला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात आहे, पायाखाली जमीन नाही. तो टेनिस बॉल किती लांब फेकू शकतो? या वेळी वारा आहे तसाच धरा.

आणि पंचेचाळीस डिग्रीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. तेही सांगा.

भावना केणे


ठाणे
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय भावनाताई,

वारा मी मुद्दाम फिरवला. मी लिहीत असताना कॉन्स्टन्स मागे उभी होती. तिने पाटीवर लिहून विचारलं, “हे खरं आहे?” आमच्या घरात बोलणं असं पाटीवर चालतं. मी पाटी पुसून टाकली. आता तुम्हाला पुन्हा खोटं लिहिणार नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे मला ते टाळता येणार नाही.

दरवर्षी बारावीला मी फेकलेल्या वस्तूचं सूत्र शिकवायचो. पंचेचाळीस अंशात फेकली की वस्तू सगळ्यात लांब जाते. सूत्र फळ्यावर मांडण्याआधी मी एक वाक्य म्हणायचो, पुस्तकातही ते आहे: हवेचा रोध नगण्य मानू. म्हणजे हवा नाहीच असं समजू. परीक्षेला तेवढं पुरतं. त्या सूत्रात ताशी एकशेदहाने फेकलेला बॉल नव्वदच्या थोडा पुढेच जातो. धनेशने गणित अगदी बरोबर केलं होतं. पेपरात लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते. हवा धरली तर काय होतं, हे मी त्या वर्गाला सांगितलं नाही. अभ्यासक्रमात नव्हतं, आणि पोर्शन संपवायचा होता. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून त्याचं ते वाक्य लिहिलंत. त्या दिवसापासून मी जेवायला बसलो की ते वाक्य समोर येतं. मला फार अपराधी वाटतं, ताई. आधीच लिहायला हवं होतं, धीर झाला नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. माणूस बॉल हाताने फेकतो असं दिसतं, पण जोर पायांतून येतो. पाय जमिनीला रेटा देतात, कंबर वळते, मग खांदा, मग हात. पाण्यात रेटा द्यायला काही नसतं. अंग मागे जातं, डोकं खाली जातं, आणि हातात उरतो फक्त हाताचा जोर. त्यातून तो दमलेला. वारा त्याच्या पाठीशी होता, तोही धरला. धनेशचा हात इतरांपेक्षा चांगला होता, तेही धरलं.

वीस मीटर. बहुतेक त्याहूनही कमी.

मी चार वेगवेगळ्या पद्धतींनी करून पाहिलं, कारण हे उत्तर मला नको होतं. बॉल बांधावर कमलेशच्या पायाशी पडला असेल, तर धनेश खाडीच्या मधे नव्हता. काठाजवळ आला होता.

एवढं अंतर होतं म्हणून मुलांना त्याला वाचवता आलं असतं, असं मी म्हणत नाही. गाळ किती, ओढ किती, मुलं किती घाबरली होती, यातलं मला काही माहीत नाही. तुम्ही अंतर विचारलंत, तेवढंच मी सांगू शकतो.

तुम्ही परत लिहिलं नाहीत तरी मी समजून घेईन.

मॉरिस कोरिया


कोपर
२२ एप्रिल २०२५

आदरणीय सर,

उत्तर द्यायला उशीर झाला. तुमचं पत्र आल्यावर बरेच दिवस मी बांधावर जायची आणि वीस मीटर म्हणजे कुठवर ते बघायची. अंगणवाडीची खोली ते कोपऱ्यावरचा नळ एवढं अंतर आहे, सर. मी तिथून हाक मारली तर मुलं वळून बघतात. एवढ्यावर होता तो. हे मला सहन होत नाही आणि कोणाला सांगताही येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

तुम्ही स्वतःला अपराधी म्हणता. मी त्यावर खूप विचार केला. तुमचा काहीच संबंध नाही असं मी लिहिणार नाही, तुम्हालाही ते खरं वाटायचं नाही. पण धनेश फेकायला उभा राहिला तो तुमच्या नियमाने आणि पाण्यात उतरला तो आमच्या. तुमचा नियम माझ्या हातात नाही. आमचा मी बदलायचं ठरवलं.

टुर्नामेंट रविवारी झाली. बॅनरवरून ‘बादशाह’ काढायला लावलं, फक्त नाव आणि फोटो ठेवला. तुमचा कागद कोणी वाचला नाही, तो माझ्याकडेच आहे. नारळ फुटल्यावर मी माइक मागितला. अंगणवाडीत बोलायची सवय असली तरी माइक दोन्ही हातांनी धरला. मी सांगितलं की या मैदानावर आजपासून ‘जो मारेल तो आणेल’ बंद. बॉल खाडीत गेला की गेला, नवीन बॉल माझ्याकडून घ्यायचा. कोणी हसलं नाही. पुढे बसलेली गावातली मोठी माणसं खाली बघत होती. तीही सगळी लहानपणी उतरलेली.

मग मी बॉलची पिशवी घेऊन बांधाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. धनेशचे बाबा सकाळी येणार नाही बोललेले. दुपारी छत्री घेऊन आले आणि माझ्यामागे उभे राहिले. खाडीकडे बघितलं नाही, पण उभे राहिले.

तिसऱ्या मॅचला पहिला बॉल खाडीत गेला. मारणारा पोरगा पलीकडच्या गावचा होता, प्रेम नावाचा. मी माइकवर काय बोलले ते त्यानेही ऐकलेलं. तरी बॅट टाकून बांधाकडे धावत सुटला, एका पायातला बूट काढलासुद्धा. सवय असते ना, सर. मी उठून त्याचा हात धरला. तो बोलला, “आणतो ना काकी, इथेच आहे, जवळच तर आहे.” मी त्याच्या हातात नवीन बॉल दिला. त्याचा हात मात्र मला लवकर सोडवेना. पोरगं बावरलं, पण बिचारं उभं राहिलं. कमलेश पंचाच्या जागेवरून सगळं बघत होता. त्याने मॅच थांबवली आणि मी सोडेपर्यंत थांबूनच राहिला.

दिवसभरात बरेच बॉल गेले. पिशवी संपली. धनेशचा जुना बॉल मी वेगळा ठेवलेला, तो दिला नाही.

आता एक मागणं आहे. जूनमध्ये कॉलेज उघडलं की या पोरांना हवेचं सांगायला एकदा या. ती लिहून विचारतील, तुम्ही बोलून सांगा. कॉन्स्टन्सताईंनाही आणा.

आणि कमलेशला तुमच्या शेवटच्या पत्राचं कळलंय. सरांनी काय लिहिलं म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं, सर म्हणतात, तो फार लांब होता, पार मधे, तुम्ही कोणी पोचला नसता. त्या दिवशी तो किती महिन्यांनी माझ्याकडे पोटभर जेवला. तुम्ही आलात आणि त्याने पाटीवर लिहून तेच विचारलं, तर सर, तुम्हीही एवढंच सांगा.

आपली,
भावना केणे